कुलपातली वही आणि लक्ष्मणरावांची वाडी

मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी भिलवडी मागे टाकून पुढे आली की किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गेली. तेव्हा हे स्टेशन मी इतक्या वेळा पाहिले, की त्याच्याकडे पाहायचेच राहून गेले. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. ज्या माणसाच्या आडनावावरून ते बदलले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ असे: सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, निवडुंगाचा माळ आणि त्या माळावरचा कारखाना. तोंडपाठ गोष्टीकडे माणूस पुन्हा वळत नाही. मीही वळलो नव्हतो. वळलो तो एका बुडालेल्या कर्जामुळे.

ते कर्ज माझ्या शिफारशीने मंजूर झालेले होते. गावाचे आणि मालकाचे नाव सांगत नाही, कारण त्यांची मुले आहेत आणि त्यांचे व्हायचे तेवढे नुकसान होऊन गेले आहे. लहानशी फौंड्री होती. साल १९९० च्या आसपासचे. मालकांना सारा गाव दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणत असे. शाळा चौथीपर्यंतची, पण भट्टीच्या तोंडाशी उभे राहून नुसत्या उजेडाच्या रंगावरून रस तयार झाला की नाही हे ते सांगत. साच्याची माती मुठीत दाबत, मोडून पाहत आणि पाणी किती शिंपडायचे ते ठरवत. भंगार किती, पिग किती, कोक किती हे सारे त्यांच्या डोक्यात. त्यातले थोडेफार म्हणे एका लाल बांधणीच्या वहीत होते आणि ती वही कुलपात असे. दोन्ही मुलगे कारखान्यात येत. थोरला वसुलीला फिरायचा, धाकटा बिले आणि विक्रीकर सांभाळायचा. भट्टीजवळ दोघांपैकी कोणी रेंगाळला, तर दादा त्याला काहीतरी आणायला पिटाळत. हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही माझ्या तपासणी अहवालात ‘व्यवस्थापन’ या सदराखाली मी लिहिले, की कुटुंब एकत्र आहे, मालकांना तीस वर्षांचा अनुभव आहे, दोन्ही मुलगे धंद्यात आहेत, सबब पुढची पिढी तयार आहे. वरच्या कचेरीने कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली.

दादा एका पहाटे झोपेतच गेले. तेरावे झाल्यावर मुलांनी कपाट उघडून वही काढली. तिच्यात कोणाकडून किती उसने घेतले, कोणाला किती दिले, एवढेच होते. भट्टीबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या महिन्यापासून कास्टिंगला छिद्रे पडू लागली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने एक लॉट परत पाठवला, मग दुसरा. जुना मोल्डर सगळे जाणत होता, पण त्याला दादांनी वर्षभरापूर्वीच पगाराच्या भांडणातून काढले होते. दोन वर्षांत खाते थकीत झाले, नंतर दावा, नंतर हुकूमनामा. तारण म्हणून राहते घर होते. लिलावाच्या दिवशी बँकेतर्फे मी दारात उभा होतो. दादांच्या पत्नीने मला पाणी आणून दिले. मी ते प्यालो.

त्या पावसाळ्यात लक्ष्मणरावांचे चरित्र हाती आले आणि मी ते कर्जाचे प्रकरण तपासावे तसे वाचले. घरच्या माणसांनी चालवलेला धंदा एका घरात बुडतो आणि दुसऱ्या घरात पिढ्यान् पिढ्या रूपे बदलत टिकतो, तो कशाने, हे मला पाहायचे होते. दोन्ही ठिकाणी कर्ता पुरुष कमी शिकलेला, हाताने हुशार, हट्टी. दोन्ही ठिकाणी भाऊबंद आणि मुलगे धंद्यात. मग फरक कुठे पडला?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरात धाकट्या मुलाचे लक्ष अभ्यासात नव्हते. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते, चित्रे काढायची आणि यंत्रे खोलायची. ब्राह्मणाच्या मुलाने हाताला तेल लावून घेण्याचा तो काळ नव्हे. वडील नाखूष होते. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तिथे वर्षा-दोन वर्षांत कळले, की या मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत. आकार, रेषा, छायाप्रकाश उत्तम, रंगात घोटाळा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या वाट्याला याहून वाईट काय यावे? कादंबरीकार म्हणून मला इथे दोन प्रकरणे लिहिण्याचा मोह होतो. लक्ष्मणरावांनी मात्र दोन प्रकरणे घालवली नाहीत. ते यांत्रिक रेखाचित्रणाकडे वळले आणि त्यात इतके तयार झाले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. शिकवून उरलेला वेळ तिथल्या वर्कशॉपमध्ये जाई.

या मास्तरकीकडे चरित्रकार झटकन पुढे जातात, कारण पुढे नांगर यायचा असतो. मला ती महत्त्वाची वाटते. यांत्रिक रेखाचित्र म्हणजे काय? आपल्या डोक्यात असलेली वस्तू, जिने ती कधी पाहिलेली नाही अशा दुसऱ्या माणसाच्या हातून हुबेहूब तयार व्हावी म्हणून कागदावर उतरवणे. त्यात माप सुटले, तर वस्तू बिघडते आणि दोष काढणाऱ्याचा ठरतो. ज्याने काही वर्षे पोटासाठी हेच शिकवले, त्याला डोक्यातले डोक्यात ठेवण्याची सवय राहत नसावी. दादांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांनी कोणाला शिकवले नाही.

मुंबईत असतानाच १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. मुंबईत सायकल ही नवलाई होती. लक्ष्मणराव तिच्यावर बसायला शिकले, सायकली खरेदी करून बेळगावला पाठवू लागले आणि तिथे रामूअण्णा त्या विकू लागले. सायकल विकायची तर गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावे लागे. त्याची फी वेगळी. एक भाऊ मुंबईत नवे काय आले ते पाहणार, दुसरा बेळगावात लोकांना काय पचेल ते पाहणार. धंद्याची ही पहिली वाटणी, आणि ती पैशाची नव्हती, कामाची होती. पुढे काही वर्षांनी इन्स्टिट्यूटमधली बढती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

मधल्या काळात त्यांनी काय काय करून पाहिले! शर्टाची बटणे, औषधाच्या गोळ्यांच्या डब्या, पवनचक्क्या. यातल्या कशानेच घर उभे राहिले नाही. मग कडबा कापायचे यंत्र आले. बेळगावच्या छोट्या कारखान्यात ते तयार होऊ लागले आणि किर्लोस्करांचे नाव शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत गेले. लक्ष्मणराव ‘अमेरिकन मशिनिस्ट’, ‘सायंटिफिक अमेरिकन’ अशी नियतकालिके मागवून वाचत. त्यांच्याकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. टपालाने येणारे हे अंक, त्यांतली चित्रे आणि जाहिराती हेच त्यांचे महाविद्यालय. बेळगावसारख्या गावात बसून विलायतेतले नवे यंत्र कळत होते ते असे.

१९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. विलायती नांगर बाजारात होतेच; देशी कारखान्यात ओतलेला हा नांगर मात्र नवा होता. तो खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. आम्ही बँकेत पडून राहिलेल्या मालाला ‘नॉन-मूव्हिंग स्टॉक’ म्हणतो आणि त्यावर कर्ज देत नाही. दोन वर्षे न हललेला माल पाहून मी तरी हे खाते बंद करा असे लिहिले असते. त्या दोन वर्षांत घरातल्या कोणी लक्ष्मणरावांना पुरे झाले असे म्हटले नाही, हे मला विलक्षण वाटते. एकत्र कुटुंबाचा हा एक उपयोग ताळेबंदात कुठे दाखवता येत नाही. पगारदार मॅनेजर तिसऱ्या महिन्यात दुसरी नोकरी शोधतो. रामूअण्णांनी धीर सोडला नाही.

नांगर खपू लागला आणि बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. लक्ष्मणराव त्या वेळी औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधच्या गादीवर नुकतेच आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी. मी माझ्या सवयीने या कर्जाची छाननी केली. कर्जदार रंग न ओळखणारा माजी ड्रॉइंग मास्तर. मालाला गिऱ्हाईक आत्ता कुठे मिळू लागलेले. जागा म्हणजे निवडुंगाचे रान, त्यात साप. जवळ बाजारपेठ नाही, कुशल मजूर नाही. जमेची बाजू एकच, रेल्वेचे स्टेशन. आमच्या कोणत्याही शाखेत हे प्रकरण टेबलावरच मेले असते. राजाने ते मंजूर केले. १० मार्च १९१० रोजी माळावर कामाला सुरुवात झाली.

बेळगावहून लक्ष्मणरावांबरोबर पंचवीसएक कुटुंबे आली. इथे मला माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा सापडला. कारण हे ‘कुटुंब’ रक्ताचे नव्हते. शंभुराव जांभेकर होते, यंत्रे ज्यांच्या हाताला वश. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. के. के. कुलकर्णी माल विकायला कुठेही जात आणि पडेल ते काम करीत. अनंतराव फळणीकर शाळेत टिकले नव्हते, पण नवे यंत्र कसे असावे हे त्यांना सुचत असे, आणि लक्ष्मणरावांनी त्यांना सुचू दिले. रामूअण्णा सायकलच्या दुकानातून थेट गाव वसवायच्या कामाला लागले. घरे, रस्ते, पाणी हे सारे त्यांच्याकडे. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग, दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. १९१० साली, आपल्या भागात! त्याची किंमत सगेसोयऱ्यांत मोजावी लागली असणार.

सख्खा भाऊ एका पंक्तीला आणि फळणीकर दुसऱ्या, असे तिथे झाले नाही. जो ज्यात हुशार त्याच्याकडे ते काम. घरचा म्हणून कोणाला भट्टीवर बसवले नाही आणि बाहेरचा म्हणून कोणाला भट्टीपासून हाकलले नाही. दादांनी मोल्डरला पन्नास रुपयांसाठी काढले, तेव्हा आपल्या वहीचे अर्धे पान फाडले, हे त्यांना कळले नाही. मलाही कळले नाही. मी ती घटना अहवालात ‘मजुरी खर्चात बचत’ अशी नोंदवली होती.

दादांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. फौंड्रीच्या गावात गुपित ठेवण्याला कारण असते. आज शिकवलेला माणूस उद्या शेजारच्या गाळ्यात आपलीच भट्टी लावतो आणि आपलेच गिऱ्हाईक दोन रुपये कमी भावाने पळवतो. मी अशी प्रकरणेही हाताळली आहेत. लक्ष्मणरावांची वाडी माळावर एकटी होती. तिथे शिकलेला माणूस तिथेच राहणार, तिथल्याच शाळेत त्याची मुले जाणार. आजूबाजूला दुसरी वाडी नव्हती. तेव्हा मोकळेपणा हा लक्ष्मणरावांच्या स्वभावाचा भाग होता तसा थोडा जागेचाही गुण होता, असे मला वाटते. दादा त्या माळावर असते तर निराळे वागले असते का? मुलांना भट्टीजवळून का पिटाळत, हे त्याने सुटत नाही. मुलगे काही शेजारच्या गाळ्यात जाणार नव्हते. कदाचित त्यांना मुलांचे हात काळे व्हायला नको होते. आपल्याकडे कारागीर बापाला मुलगा खुर्चीत बसलेला पाहायचा असतो.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येईना. लोखंड, कोळसा, रंग सगळ्याचीच टंचाई. नांगराला लावायचा रंग वाडीतच तयार होऊ लागला. याच सुमारास विलायती नांगर दुर्मिळ झाल्याने किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. १९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. म्हणजे घरचा धंदा भागधारकांसमोर हिशेब ठेवू लागला.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. व्यापाराच्या पुस्तकांत तिची नोंद नसते, वाङ्मयाच्या इतिहासात असते. मला ती दोन्हीकडे हवी असे वाटते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, सोलापूरच्या डॉक्टर बंधूंचे चिरंजीव, चित्रकार होते. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले. चित्रे काढणाऱ्या पुतण्याचे कारखान्यात काय काम? त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. सुरुवातीला ते कारखान्याचेच पत्रक. नांगर कसा धरावा, नवा माल कोणता, वाडीत काय चालले आहे, असे. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. माझ्या आईच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक होते.

आपण त्या मासिकांकडे साहित्य म्हणून पाहतो, पण त्यांचे मूळ पाहा. कारखानदार आपली माहिती छापून वाटतो आहे. दादांची वही कुलपात होती. लक्ष्मणरावांच्या कारखान्याची वही दर महिन्याला टपालाने गावोगाव जात होती. आणि जी माहिती बाहेर जाते ती भर घालून परत येते. नांगर कुठे अडतो, कोणत्या जमिनीत काय होते, हे शेतकरी कळवणार ते अशाच ओळखीतून. सगळी गुपिते छापली असे नव्हे. साचा कसा करायचा हे काही ‘खबर’मध्ये येत नसे. पण झाकून ठेवायचे आणि सांगून टाकायचे यांत त्या घराचा कल सांगण्याकडे होता.

या सगळ्या हकिकतीत बायकांची नावे फार थोडी येतात, हे मला वाचताना खटकत राहिले. निवडुंगाच्या माळावर पहिल्या वर्षी ज्यांनी चुली मांडल्या, त्यांचे कष्ट गृहीत धरलेले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई या कारखान्याच्या गोष्टीत कडेला उभ्या दिसतात. ज्या वाडीतून ‘स्त्री’ मासिक निघाले, तिच्या भागीदारीच्या कागदांवर मात्र पुरुषच होते. दादांच्या घरीही त्यांच्या पत्नीला भट्टीचे बरेच कळत असे, हे मला लिलावानंतर धाकट्या मुलाकडून समजले. त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

१९२२ साली लक्ष्मणरावांनी थोरला मुलगा शंतनु आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेला शिकायला पाठवले. स्वतः अंकांतली चित्रे पाहून शिकलेल्या माणसाने मुलांना त्या अंकांच्या गावी धाडले. माधवराव क्षयाने गेले. शंतनुराव बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटची यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ मध्ये परत आले, तेविसाव्या वर्षी. वाडीत ते पोचले तेव्हा तिथे दोन प्रकारची विद्या समोरासमोर उभी राहिली. एका बाजूला जांभेकर-फळणीकरांची हाताची विद्या, वीस वर्षांत मुरलेली. दुसऱ्या बाजूला पुस्तकाची, परदेशी, तरुण आणि मालकाच्या मुलाची. माझ्या नोकरीत मी हा क्षण किती कारखान्यांत पाहिला! नव्याण्णव ठिकाणी दोहोंपैकी एक विद्या दुसरीला बाहेर घालवते. एक तर मुलगा जुन्यांना हाकलतो, नाही तर जुने मुलाला हसून हसून हिशेबाच्या खोलीत बसवतात.

इथे तसे झाले नाही, याचे श्रेय मी बापाला देतो. लक्ष्मणराव साठीकडे झुकले होते. त्यांनी मुलाला काम करू दिले, चुका करू दिल्या आणि स्वतः हळूहळू मागे सरले. त्याच सुमारास पंप तयार होऊ लागले. नांगर हा बैलाचा सोबती. पंप हा विहिरीचा. शेतकरी तोच, गरज नवी. तिशीतल्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा वाडीत लोखंडी फर्निचर होऊ लागले. भट्टी आणि पत्रा रिकामा बसू द्यायचा नाही एवढाच त्यात विचार असावा. नांगर ज्यांचे नाव, त्यांनी टेबल-खुर्च्या कशा कराव्यात, असा अभिमान कोणी धरला नाही. रंग दिसत नाहीत म्हणताच कुंचला ठेवून पट्टी-कंपास उचलणाऱ्या माणसाच्या घरातले हे वळण आहे. त्यानंतर यंत्रे घडवणारी यंत्रे, म्हणजे लेथ.

पुढचे वेगाने सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा कारखाना निघाला, तो राजारामभाऊंकडे. १९४६ मध्ये खडकीला डिझेल इंजिनांचा, तो शंतनुरावांचा. त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारींचा, तो रविभाऊंकडे. प्रत्येक मुलाला आपले गाव, आपले यंत्र. एका भट्टीभोवती चार मुलगे गोळा करून त्यांना भांडायला लावण्यापेक्षा चार भट्ट्या पेटवल्या. याला दूरदृष्टी म्हणावे की बापाचे व्यवहारज्ञान? मला दुसरे पटते.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली, तिच्यातून किर्लोस्करवाडी सुटली नाही. कारखान्याच्या भागाला आग लागली. लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माणसाने वाडीत जात पाळू दिली नाही, त्याच्या वाडीला त्याच्या जातीमुळे आग लावली गेली. ते त्या वेळी काय बोलले, हे सांगणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाचे सांगणे निराळे आहे, म्हणून मी ते इथे आणत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. जे जळले ते छप्पर, लाकूड आणि कागद होते. काम ज्यांना येत होते ती माणसे शाबूत होती, आणि काम कोणा एकालाच येत होते असे नव्हते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यानंतरचा इतिहास सरळ नाही आणि तो झाकणे बरे नाही. हरिहरचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. मासिके घराण्याच्या हातून गेली. घराण्यात वाटण्या झाल्या आणि अलीकडच्या काळात भावाभावांमधला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. लक्ष्मणरावांच्या वेळी वाटून घ्यायला काम होते, नाव फारसे नव्हते. नाव मोठे झाले की त्याची वाटणी कठीण होते. कामाची करता येते, शेअर्सची करता येते, आडनावाची कशी करणार? चौथ्या पिढीपर्यंत धंदा पोचला, हेही मात्र खरे. दादांचा दुसऱ्या पिढीत दोन वर्षे टिकला.

ते चरित्र वाचून झाल्यावर मी माझ्या इन्स्पेक्शनची पद्धत बदलली. कोणत्याही घरगुती कारखान्यात गेलो, की मालकांशी चहा झाल्यावर मी आत जाऊन सर्वांत तरुण कामगाराशी किंवा घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाशी बोलत असे आणि भट्टी, मातीचा ओलावा, रंगाचे मिश्रण, जे काय त्या धंद्याचे मर्म असेल ते त्याला येते का, हे पाहत असे. मालक आजारी पडला तर उद्या सकाळी यंत्र कोण लावणार, त्याचे नाव मी विचारत असे. काही मालक यावर रागावत. एकाने मला जेवल्याशिवाय परत पाठवले, आणि तो भाग पाहता हा मोठाच अपमान होता. बँकेच्या छापील फॉर्ममध्ये या माहितीसाठी रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलीने लिहीत असे. एका वर्षी ऑडिटला आलेल्या साहेबांनी त्या नोंदींवर हरकत घेतली, नियमाला धरून नाहीत म्हणून, आणि मला अकरा फाइलींतल्या समासांतली पेन्सिल खोडायला लावली. खोडरबर मला समोरच्या दुकानातून विकत आणावा लागला.